चौथ्या चित्रपटातील सहा मिनिटे

प्रिय प्रसूना,

मी, पेनुमर्ती विश्वपती, बी.कॉम., वय छप्पन्न, तणुकू येथील एका खासगी महाविद्यालयाच्या कार्यालयाचा अधीक्षक आणि तुझा पिता, हे पत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःहून लिहीत आहे. प्रयोजन असे. रविवारी तू मोबाइलवर पाठवलेला मजकूर तुझ्या अम्माने मला वाचून दाखवला: ‘ज्या चित्रपटावर मी दोन वर्षे काम केले त्याबद्दल नान्ना थिएटरच्या फाटकावर काय बोलले ते ऐकले. ऑफिसात सगळ्यांनी ऐकले. नान्नांचे म्हणणे मान्य आहे. महिनाअखेरीस हैदराबादची खोली सोडून घरी येते. बँकेच्या परीक्षेचा अर्ज त्यांनाच भरायला सांग.’ फोन तू उचलत नाहीस. उचलला असतास तरी मला फोनवर मुद्द्याला धरून बोलता येत नाही, हे तू जाणतेस. म्हणून लिहितो. माझी विनंती एवढीच की, या मोसमातील चित्रपटांविषयीचे माझे मत शेवटपर्यंत वाचल्याशिवाय खोलीच्या मालकाला काही कळवू नकोस. तू ऐकलास तो माझ्या मताचा तुकडा होता, आणि तुकड्यावर विसंबून नोकरी सोडणे मला पसंत नाही.

संक्रांतीला जो पहिला चित्रपट आला त्याचे नाव मी लिहीत नाही. हल्ली चित्रपटांना नावे नसतात. हत्यारांना असतात, आणि तीच मोठ्या अक्षरांत पडद्यावर येतात. गावात त्याला ‘कुऱ्हाडीचा पिक्चर’ म्हणतात. ज्या नायकाचा पहिला चित्रपट मी दहावीत असताना पाहिला होता, तो यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इतकी वर्षे त्याच वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याला आमच्या महाविद्यालयाने केव्हाच दाखला हातात देऊन घरी पाठवले असते. त्याच्या हातून एकशे चौदा माणसे मरतात. मी मोजली. पोलीस एकदाच येतात, तेही त्याच्या बहिणीच्या लग्नाला, आणि जेवून जातात. नायिकेला अकरा वाक्ये आहेत. त्यांतल्या नऊ वाक्यांत ती नायकाला ‘दमलास का?’ असे विचारते, आणि हा प्रश्न त्याच्या वयाकडे पाहता मला रास्त वाटला. सत्यवती थिएटरच्या दारात त्याच्या चाळीस फुटी चित्रावर सकाळी दूध ओतले गेले. ते दूध वाहत गव्हर्राजूच्या सोडावॉटरच्या गाडीखाली आले आणि दुपारपर्यंत तिथे मुंग्यांची जत्रा भरली. त्या मोसमातील तेवढेच दृश्य मला खरे वाटले.

पहिला खेळ सुटला की दुसऱ्या खेळाच्या रांगेला फाटकावर उत्तर द्यावे लागते, हा आपल्या गावाचा शिरस्ता. गेली तीस वर्षे ती रांग माझ्या उत्तरासाठी थांबते, हे तू माझ्या खांद्यावर बसून पाहिलेले आहेस. “काय बीकॉम गारू, टॉक काय? पिक्चर कसा?” गव्हर्राजूने गाडीवरूनच ओरडून विचारले. मी म्हणालो, “कुऱ्हाडीचे काम उत्तम. बाकीच्यांनी तिच्याकडून शिकावे.” रांगेतली बारा माणसे घरी गेली. उरलेली आत गेली, कारण त्यांनी अंगावर नायकाचे चित्र छापलेले सदरे घातले होते आणि त्या सदऱ्यांत घरी जाता येत नाही.

त्याच आठवड्यात कौटुंबिक म्हणून एक चित्रपट आला. आपल्या गोदावरीकाठची कथा, अशी जाहिरात होती. एका घरात चाळीस माणसे राहतात, चाळीसही जण सकाळी उठतात ते इस्त्रीच्या कपड्यांत, आणि सुगी चालू असताना एकाच्याही पायाला माती नाही. असो, इतके मी दरवर्षी सहन करतो. पण संक्रांतीला जावई येतो आणि सासू त्याला पुलसा माशाचे कालवण वाढते! मासा न खाणाऱ्या मलासुद्धा ठाऊक आहे की पुलसा नदीत चढतो तो श्रावणातल्या पुराच्या लाल पाण्यात. जानेवारीत तो समुद्रात असतो, आणि हे लिहिणारे हैदराबादेत. मागून गव्हर्राजूचा आवाज आला, “जावयाला कुठल्या वर्षीचा मासा घालताय रे? पोरगी विधवा करायची आहे का?” सगळे सभागृह हसले. पडद्यावर त्या वेळी आजोबांचा मृत्यू चालला होता. मला त्या नटाची दया आली. इतक्या निष्ठेने मरणाऱ्या माणसाला एका माशाने खलास केले.

तिसऱ्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तो स्वतःच अर्धा आहे. पाच भाषांत एकदम काढलेला. त्यामुळे ओठ एकाही भाषेत जुळत नाहीत. राजपुत्र एका बंद दारापर्यंत पोहोचतो, याला तीन तास आणि चार मिनिटे लागतात. वाटेत तो एका सिंहाशी झुंजतो. सिंह यंत्रावर काढलेला आहे, राजपुत्र खरा आहे, आणि चेहऱ्यावरचे भाव पाहता कोण कोणता ते ओळखणे अवघड जाते. शेवटी तो दाराला हात लावतो आणि दुसरा भाग पुढच्या वर्षी येईल अशी पाटी येते. फाटकावर टॉक विचारला तेव्हा मी “दार उघडले की सांगतो” एवढेच म्हणालो. हे उत्तर माइकवाल्यांना फार आवडले.

माइकवाले म्हणजे मोबाइलवर चित्रफिती टाकणारे दोघे. यंदा संक्रांतीपासून ते दर शुक्रवारी आपल्या फाटकावर असतात. रांगेला दिलेले उत्तर रांगेपुरते असते. माइकला दिलेले उत्तर कुठवर जाते याची मला कल्पना नव्हती. खरे लिहायचे तर थोडी होती, आणि ती मला आवडत होती. त्या दाराच्या उत्तरानंतर महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी मला कँटीनमध्ये बोलावून चहा पाजला.

आता चौथा. तीस जानेवारी, शुक्रवार, पहिला खेळ. नायक शल्यचिकित्सक आहे आणि पूर्वी सैन्यात होता, म्हणजे त्याला माणसे जोडताही येतात आणि तोडताही. शस्त्रक्रिया तो काळा चष्मा लावून करतो. खलनायक मूत्रपिंडे विकतो आणि हे त्याने स्वतःच्या वाढदिवशी ध्वनिक्षेपकावरून सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही. शेवटची मारामारी अतिदक्षता विभागात होते. सलाईनच्या खांबाने बारा गुंड लोळवले जातात आणि शेजारच्या खाटेवरचा रुग्ण टाळ्या वाजवतो. मी बाहेर आलो. माइक पुढे आला. जे बोललो ते शब्दशः उतरवतो, कारण शब्द माझे आहेत: “कथेला नाडी लागत नाही. डॉक्टर काळा चष्मा लावून पोट फाडतो. हे ज्याने कोणी लिहिले त्याने लेखणी खाली ठेवावी आणि बँकेची परीक्षा द्यावी. तिथे निदान रिकाम्या जागा भरण्याचा पगार मिळतो.” रांग हसली. सहा लाख लोकांनी ते पाहिले असे म्हणतात. त्यांतले काही तुझ्या ऑफिसात तुझ्या समोर बसून पाहत होते, हे मला रविवारी कळले.

आता आपल्या अटीविषयी लिहितो. सहा वर्षांपूर्वी तू जायला निघालीस तेव्हा अट मीच घातली होती: कुठल्या चित्रपटाचे काम करतेस ते मला सांगायचे नाही, पडद्यावर नाव येईल तेव्हा माझे मी वाचीन. तू शब्द पाळलास. मी पाळला नाही, आणि ही गोष्ट मला अत्यंत लाज आणणारी आहे. नाव आले होते. पण आपल्याकडे खलनायक पडला की सभागृह उठते. नायक-नायिका नंतर हसतात ती आम्हा प्रेक्षकांच्या पाठींकडे पाहून. नावांचा पट्टा सुरू व्हायच्या आत यंत्रघरातला वीरभद्रम दिवे लावतो आणि पडदा काळा करतो. चाळीस वर्षांत मी एकदाही नावांचा पट्टा पाहिलेला नाही. म्हणजे ज्या अटीवर मी मुलीला घराबाहेर पाठवले, ती अट पुरी होण्याची वेळ दर शुक्रवारी मी पाठमोरा होऊन टाळत होतो आणि मला त्याचा पत्ता नव्हता. इतका ढिसाळ माणूस मी माझ्या कार्यालयात एक दिवस ठेवला नसता.

सोमवारी अर्धी रजा टाकून मी दुपारच्या खेळाला गेलो. अकरा माणसे होती, त्यांतली चार झोपायला आलेली. आधी वीरभद्रमकडे गेलो आणि पट्टा शेवटपर्यंत चालव म्हणालो. तो म्हणाला, “नावं? बीकॉम गारू, नावं झाडूवालीसुद्धा बघत नाही. ती पडद्याकडे पाठ करून झाडते.” तरी त्याने चालवला. चार मिनिटे चाळीस सेकंद. वाहनचालक झाले, जेवण पुरवणारे झाले, आणि त्यांच्याखाली ‘संवाद साहाय्य’ या शीर्षकाला नऊ नावे होती. सातवे तुझे. पेनुमर्ती प्रसूना. मी उभा राहिलो. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. झाडूवालीने विचारले, “काय झालं हो, पाय आखडला का?” मी हो म्हणालो.

नऊ माणसांनी मिळून लिहिलेल्या चित्रपटात तुझे काय, हे कळायला मार्ग नव्हता. घरी आलो. तुझी अम्मा गोंगुऱ्याची पाने खुडत बसली होती. मी तिला म्हणालो, नाव पाहिले, पण कुठला प्रसंग तिचा असावा हे समजत नाही. तिने मान वर केली नाही. “तो जेवणाचा,” म्हणाली. मी विचारले, तुला कसे ठाऊक, तू तर चित्रपट पाहिला नाहीस. “तुम्हीच पहिल्या दिवशी घरी येऊन सांगितलात की. दोनदा. एकदा पान वाढताना आणि एकदा ताक घेताना.”

सांगितला होता खरा. कारण त्या अडीच तासांत तीच सहा मिनिटे अशी होती की माझी मान आपोआप पुढे आली. नायकाच्या रुग्णालयात पुढे दाखल होणाऱ्या एका बाईच्या घरचा प्रसंग. निवृत्त नवरा पानावर बसतो. बायको हातात डाव घेऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी. तो पहिला घास घेतो, डोळे मिटतो आणि निकाल देतो: “डाळीच्या पप्पूत मीठ एक चिमूट अधिक. गोंगुरा चांगला, गेल्या गुरुवारी जास्त चांगला होता.” आणि तो बोलत असताना मागे बायकोचे ओठ हलतात. तेच शब्द, त्याच्या अर्धा क्षण आधी, आवाजाशिवाय. सगळे सभागृह हसले. मी सर्वांत मोठ्याने हसलो. गव्हर्राजूने मागून माझ्या पाठीत थाप मारली. किती आखडू माणूस, असे मी घरी येऊन तुझ्या अम्माला म्हणालो. त्या बिचारीने काय भोगले असेल, असेही म्हणालो. नंतर घास घेतला आणि चिंच जरा कमी पडल्याचे सांगितले.

“मग बोलली का नाहीस?” मी विचारले. तिने खुडलेली पाने पाण्यात टाकली. “तुम्ही एवढे हसत होतात. आमटीवर बोलताना तुम्हाला हसताना मी लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं. म्हटलं, हसू दे.”

मंगळवारी मी तिला घेऊन तिसऱ्यांदा तोच चित्रपट पाहिला. ज्याला नाडी लागत नाही असे मी जाहीर केले त्याच्याजवळ मी एकूण साडेसात तास बसलो आहे. तुझी अम्मा त्या प्रसंगाला हसली नाही, रडलीही नाही. तिची तक्रार एवढीच: “माझे ओठ काही इतके हलत नाहीत हं. त्या नटीने जास्त केलंय.” आम्ही दोघे पट्टा संपेपर्यंत बसलो. तुझे नाव आल्यावर तिने ते मोठ्याने वाचले, शाळेत हजेरी घेतात तसे. पुढच्या रांगेतल्या माणसाने मागे वळून “आहे, आहे” असे उत्तर दिले.

माझे मत मी आता पूर्ण नोंदवतो. काळ्या चष्म्याबद्दल, वाढदिवसाच्या भाषणाबद्दल आणि टाळ्या वाजवणाऱ्या रुग्णाबद्दल मी जे बोललो त्यातले अक्षर मागे घेत नाही. चित्रपट टाकाऊ आहे. सहा मिनिटे माणसे दाखवून झाल्यावर पुढच्या क्षणी सलाईनचा खांब उचलणारा दिग्दर्शक त्या सहा मिनिटांना पात्र नाही, आणि बाकीची आठ नावे मला भेटली तर त्यांना मी माइकशिवायही हेच सांगेन. मागे घेतो ते फक्त लेखणी खाली ठेवण्याचे वाक्य. काल माइकवाल्यांना गाठून मी ते मागे घेतो असे बोललो, त्या सहा मिनिटांविषयीही बोललो. त्यांनी ऐकून घेतले आणि यंत्र खिशात घातले. “काका, शिव्या असतील तर द्या. कौतुक कोण बघतं?” तेव्हा सहा लाखांपर्यंत माझी दुरुस्ती पोहोचणार नाही. ती तुला एकटीला पोहोचावी म्हणून टपालाने पाठवतो. बँकेचा अर्ज मी भरलेला नाही आणि भरणार नाही. तुला यायचेच असेल तर घर तुझे आहे. अर्ज तुझा तू भर. पण ये ती तुझ्या मनाने ये, माझ्या एका वाक्याने नको. ते वाक्य मी रांगेला हसवण्यासाठी बोललो होतो.

आता उरला त्या प्रसंगातला दोष. परीक्षकाने तो सांगितल्याशिवाय उठू नये. प्रसंगाच्या उत्तरार्धात बायको रुग्णालयात आहे, मुलगी स्वयंपाक करते, नवरा घास घेतो, डोळे मिटतो, निकालासाठी तोंड उघडतो आणि चौकटीकडे पाहतो. तिथे कोणी नाही. तो तोंड मिटतो, एक शब्द न बोलता पान स्वच्छ करतो आणि हात धुवायला परसात जातो. इथे तू प्रसंग तोडलास. तोडणे भाग होते, कारण तीन वर्षांपूर्वी तुझी अम्मा राजमंड्रीला रुग्णालयात होती त्या नऊ दिवसांत तू हैदराबादहून आलेली, माझे पान उचलत आत होतीस, आणि परसात मी काय करतो ते तुला दिसत नव्हते. ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. तुझ्या अम्मालाही नाही. मी नळ पूर्ण सोडत असे, म्हणजे तुला ऐकू जाऊ नये. मग राजमंड्रीच्या दिशेला तोंड करून निकाल देत असे. चारूत मिरे कमी. भात एक उकळी जास्त. वांगे आज जमले. रोज, दोन्ही वेळा, शेवटच्या ताकापर्यंत सगळे सांगून होईतो नळ चालू. नवव्या दिवशी तिला घरी आणायचे होते, त्या सकाळी सांगायला सुरुवात केली आणि पुढचे शब्द आले नाहीत. ओठ तेवढे हलत राहिले. हे पत्र मी एवढ्यासाठीच लिहिले आहे, प्रसूना. तो माणूस परसात उभा आहे आणि त्याला तिथून घरात कसे आणायचे हे मला येत नाही. बँकेतल्या कोणालाही ते येणार नाही. तू लिही. आठ जणांना बरोबर घेऊ नकोस.

तुझाच,
नान्ना
(पेनुमर्ती विश्वपती)
तणुकू, गुरुवार, १९ फेब्रुवारी २०२६